सोचितेकात्ल: फुलांच्या टेकडीवरच्या बायका

मेक्सिकोच्या त्लाक्सकाला राज्यातली ही टेकडी म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी. नाव सोचितेकात्ल. तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाव्हाट्ल भाषेत ‘सोचित्ल’ म्हणजे फूल. माथ्यावरून पूर्वेला मालिंचे पर्वत दिसतो. पश्चिमेला धुमसणारा पोपोकातेपेत्ल आणि त्याच्या शेजारी इस्ताक्सिवात्ल, म्हणजे ‘पांढरी स्त्री’.

इथलं बांधकाम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातलं. मधे बराच काळ टेकडी ओस पडली होती. साधारण इ. स. ६५० ते ९५० या काळात माणसं पुन्हा वर आली.

माथ्यावरची ही गोल वास्तू बघा. हिला जिना नाहीच. वर जायचं तर गोगलगायीच्या शंखासारखं फिरत फिरत जायचं.

पण नजर खिळते ती समोरच्या, ‘फुलांचा पिरॅमिड’ म्हणतात त्या वास्तूवर. त्याची दिशा मालिंचेशी जुळवलेली. पायथ्याशी दोन कुंडं, प्रत्येक एकाच दगडात कोरलेलं. १९९०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मारी कारमेन सेर्रा पुचे यांच्या पथकाने इथे उत्खनन केलं, तेव्हा जिन्याच्या भागात शेकडो मृण्मूर्ती मिळाल्या. जवळजवळ सगळ्या बायकांच्या.

एक मूर्ती जवळून पाहू. बाई गरोदर आहे, पोटात खोबण ठेवली आहे, आणि त्या खोबणीत बोटाच्या पेराएवढं बाळ. ते वेगळं केलेलं असल्याने काढता येतं.

अशा मूर्ती साच्यात घडवत. ओली माती साच्यात दाबायची, सुकू द्यायची, मग भाजायची. माती एकीकडे जाड, एकीकडे पातळ राहिली की भाजताना तडा जातो. आत ओल उरली, तर वाफ होऊन मूर्ती फुटते. भाजल्यानंतर दिलेला रंग तर मातीत गाडला गेला की निघूनच जातो. शिल्लक राहतो तो घड्यांमध्ये, दागिन्यांच्या खाचांत.

हे सगळं बघून ‘प्रजननाचं देवस्थान’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मूर्ती नीट लावून पाहिल्या, तर त्यांत मूल कडेवर घेतलेल्या आया आहेत, तशा सुरकुतलेल्या म्हाताऱ्याही आहेत. काही बायका भारी शिरोभूषण घालून आसनावर बसल्यात, त्या तर सरळ सत्ताधारी वाटतात. सोबत टकळीच्या मातीच्या चकत्याही सापडल्या. सूत कातणं हे बायकांचं काम होतं.

आणि याच पिरॅमिडमध्ये सुमारे ३० लहान मुलांचे सांगाडेही मिळाले.