ठोशाचा जोर टाचेतून येतो
(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजच्या श्रोत्यांत लाल मातीत घाम गाळलेली मंडळी बरीच आहेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले आहे. ठोशाची ताकद दंडात असते हा समज सर्वत्र असला, तरी पैलवानाला तो फार काळ फसवू शकत नाही; ढाक हा डाव लावताना जोर टाचेतून, मांडीतून आणि कमरेतून वर येतो, हे त्याला वस्तादांनी न सांगताही कळलेले असते. अव्वल बॉक्सरचे कौतुक करायचे तर नेमके हेच पाहायला हवे, आणि आपण मात्र त्याच्या मुठीकडे पाहत बसतो.

१९८५ साली ब्रिटनमध्ये फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरच्या ठोशाचे शास्त्रशुद्ध मोजमाप झाले. लक्ष्यावर आदळताना त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर भरला. सांगली-मिरज रस्त्यावर कोणताही दुचाकीस्वार हा वेग सहज ओलांडतो. तरीही त्या ठोशाने लक्ष्यावर सुमारे ४,१०० न्यूटन, म्हणजे चारशे किलोहून अधिक वजनाइतके बल लावले, आणि तेही स्पर्श झाल्यापासून १४ मिलिसेकंदांत. इतके बल नुसत्या वेगातून येत नाही. मुठीमागे किती शरीर उभे आहे, यावर ते ठरते. ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशांवरील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे परिणामकारक वस्तुमान सरासरी २.९ किलो आढळले. मोकळी मूठ याच्या आसपासही भरत नाही. चांगला बॉक्सर हात जवळजवळ सैल सोडून फेकतो, कारण आवळलेला हात मंदावतो; आणि स्पर्शाच्या क्षणी मनगट, कोपर, खांदा व पोट एकदम ताठ करतो, कारण सैल मनगट आघात स्वतःच पिऊन टाकते. सैल आणि ताठ यांमधला हा बदल योग्य क्षणी साधणे, हेच खरे कसब.

सोव्हिएत प्रशिक्षकांनी ठोशातला कोणाचा वाटा किती, हे शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या निष्कर्षानुसार कसलेल्या बॉक्सरच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा अवघा २४ टक्के. नवख्यांच्या बाबतीत मात्र हाताचा वाटा ३८ टक्क्यांच्या घरात जातो आणि पाय १६-१७ टक्क्यांवर अडकतात. म्हणून पुढच्या वेळी लढत पाहाल तेव्हा मागच्या पायाची टाच कधी उचलली जाते आणि कंबर खांद्याच्या आधी वळते का, तेवढे पाहा.

मिश्र मार्शल आर्ट्समधून (एमएमए) आलेल्या फ्रान्सिस एन्गानूच्या ठोशाचा, ठोसा मोजण्याच्या एका यंत्राने दाखवलेला १,२९,१६१ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. ते एकक त्या यंत्राचे स्वतःचे आहे. ब्रुनोच्या न्यूटनांशी त्याची तुलना करू नये. मला त्यापेक्षा ऑक्टोबर २०२३ मधला रियाधचा पुरावा अधिक पटतो: व्यावसायिक बॉक्सिंगच्या पहिल्याच लढतीत एन्गानूने तिसऱ्या फेरीत डाव्या हूकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, तेव्हाचा हेवीवेट विजेता टायसन फ्युरी याला खाली पाडले. गुणांवर जिंकला फ्युरी, हेही सांगायला हवे.

मात्र ठोसा अर्धा मारणाऱ्याचा असतो आणि अर्धा खाणाऱ्याचा. हनुवटीवर किंवा कानशिलावर आडवा बसलेला हूक डोके झपकन फिरवतो, आणि कवटी वळली तरी आतला मेंदू मागे राहिल्याने त्याच्या ऊतींवर ताण येतो. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी माइक टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत डाव्या हूकने पाडले, ती लढत जरूर पाहा. बर्बिक उठतो, पाय ऐकत नाहीत, पुन्हा कोसळतो, पुन्हा उठून तोल जाऊन दुसरीकडे पडतो. शेवटी पंच मिल्स लेन त्याला धरतात आणि लढत थांबवतात. टायसन तेव्हा २० वर्षांचा होता. हे दृश्य थक्क करणारे आहे, तसेच ते मेंदूला झालेल्या इजेचेही आहे. कौतुक करताना ही दुसरी बाजू झाकू नये. हातमोजा मुख्यतः मुठीची हाडे वाचवतो, समोरच्याचा मेंदू नव्हे. येणारा ठोसा दिसला तर माणूस मान आवळून घेतो आणि डोके कमी फिरते. म्हणून न दिसलेला मध्यम ठोसा दिसलेल्या जबर ठोशापेक्षा घातक ठरू शकतो. तालमीत मान कमावण्यावर जो भर असतो, त्याचे महत्त्व इथे कळावे.

जॉर्ज फोरमन १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीवर ठोशांचा मारा करून दमला आणि आठव्या फेरीत हरला, तेव्हा नुसती ताकद पुरत नाही हे जगाने पाहिले. त्याच फोरमनने ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत मायकल मूररला सरळ उजव्या ठोशाने पाडून हेवीवेटचे विजेतेपद परत मिळवले. चपळाई केव्हाच गेली होती. त्या उजव्या हाताचा प्रवास जेमतेम वीतभर दिसतो, म्हणून पुष्कळांना तो ठोसा हलका वाटला. मूरर मात्र दहा अंक मोजून होईपर्यंत उठू शकला नाही.