मोशेची तक्रार कुठे गेली?
(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधुभगिनींनो, बायबलमधले अपूर्ण पुढारी आणि आपली वैयक्तिक प्रार्थना, असा आजचा विषय आहे. एलीया, दावीद, पेत्र सगळे येतील. पण आधी गणना ११ उघडा, म्हणजे बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय. संडे स्कूलच्या भिंतीवर या अध्यायाचं चित्र कधी नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे. तिथला मोशे समुद्र दुभंगतो, दगडी पाट्या घेऊन उतरतो. थकलेला मोशे मुलांना दाखवतच नाहीत. मग तीच मुलं मोठी झाली, की मन खचल्यावर प्रार्थनेला बसायला लाजतात.

प्रसंग असा. मोशेने मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून बाहेर आणलेले इस्राएली लोक वाळवंटात मान्न्याला, म्हणजे देवाने रोज आकाशातून दिलेल्या अन्नाला, कंटाळलेत. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून तंबूच्या दाराशी रडताहेत. कांद्यापायी रडणं लासलगावच्या शेजाऱ्यांना काय सांगायचं! (हशा) मोशे हे ऐकतो आणि देवाकडे जातो. म्हणतो, ही माणसं काय माझ्या पोटी आली? एवढ्यांना मांस कुठून आणू? हा भार मला एकट्याला पेलत नाही. असंच करायचं असेल तर मला मारूनच टाक.

यात स्तुती नाही, आभार नाहीत, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ नाही. देव रागावतो का? लोकांवर रागावतो, मोशेला मात्र सत्तर वडीलधारी पुढारी देतो, भार वाटून घ्यायला. महिनाभर मांस मिळेल असं वचनही देतो. त्यावर मोशे पुन्हा शंका काढतो. पायदळच सहा लाख, सगळी मेंढरं-गुरं कापली तरी पुरतील का? देव एवढंच विचारतो, परमेश्वराचा हात तोकडा झाला काय?

आता गणना २० वाचा. पुन्हा कुरकुर, या वेळी पाण्यासाठी. देवाने सांगितलं होतं, खडकाशी बोल. मोशे लोकांना बंडखोर म्हणतो आणि खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी येतं, पण मोशेला कनानात, म्हणजे देवाने वचन दिलेल्या देशात, प्रवेश मिळत नाही. अकराव्या अध्यायातली चीड देवासमोर ओतली गेली, विसाव्यातली माणसांवर फुटली. मोशेच्या दुर्बलतेतून धीर घ्यायचा तो इथे. ‘तोही चुकला’ एवढ्यावर थांबलं तर हाती काहीच लागत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो.

संदेष्टा एलीया, १ राजे १९. मरण मागतो, आणि देवदूत त्याला आधी भाकर-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न नंतर येतो. म्हणून अगदी गळून गेला असाल तर आधी जेवा, झोपा, मग प्रार्थनेला बसा. राजा दावीद, स्तोत्र ५१, म्हणजे परस्त्रीगमन आणि तिच्या नवऱ्याचा घात यानंतरची त्याची पश्चात्तापाची प्रार्थना. ‘दावीदानेही केलंच की’ म्हणणाऱ्यांनी २ शमुवेल १२ सोबत वाचावा. क्षमा मिळाली, तरी मूल गेलं आणि घरातली तलवार हटली नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं लूक २२:३२ मध्ये आहे. ‘मी येशूला ओळखत नाही’ असं म्हणून तो नाकारणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केली होती.

आता पद्धत. आठवडाभर एकच शास्त्रभाग घ्या. मोठ्याने वाचा. पुढारी देवाशी बोलतो तिथे थांबा आणि त्याच्या जागी आपली गोष्ट सांगा, माणसांची नावं घेऊन, न सजवता. मग फक्त देवाचं उत्तर वाचा. तक्रार संपताच घाईने एखादं आश्वासनाचं वचन चिकटवू नका, त्याने बोलणं अर्ध्यावर तुटतं. शेवटी एकच नेमकी मदत मागा. मोशेला माणसं हवी होती, तुम्हाला कदाचित एक माणूस पुरेल. त्याचं नाव वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात त्याला भेटा.

आणि हे एकट्याने, दार लावून करा. कौटुंबिक प्रार्थनेत करू नका. तिथे डोळे मिटलेले असले तरी सून ऐकत असते, मुलगा ऐकत असतो, आणि देवाला सांगतोय म्हणता म्हणता काठी त्यांच्यावर पडते.