कार्ल्याचे खांब कोणी दिले?

नमस्कार मंडळी,

एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनागृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कड्यात कोरलेलं, जवळपास सव्वाशे फूट लांब, ३७ खांबांचं. एवढं अफाट काम म्हणजे राजानेच केलं असणार, असं आपण धरून चालतो. पण तिथल्या भिंती आणि खांब वेगळंच सांगतात.

दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. वैजयंतीच्या (आजचं कर्नाटकातलं बनवासी) भूतपाल नावाच्या सेठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, हे उत्तम आहे, असं त्यात म्हटलंय. केवढा अभिमान! पण तो एकटा नव्हता. आतले खांब एकेकाने दिलेत आणि त्यावर नावं कोरलीत. सुगंधी वस्तूंचा व्यापारी सिहदत याने दाराचा खर्च उचलला. वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने दार घडवलं, त्याचंही नाव तिथेच आहे. दान देणाऱ्यांत भिक्खुणी आहेत आणि धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. परक्या वंशाची ही माणसं इथल्या लेण्याला खांब देतात आणि इथल्याच प्राकृतात नाव कोरून घेतात. आपण परमुलखात राहणारी माणसं, आपल्याला ते नीट समजेल. राज्यकर्तेही या लेखांत येतात. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्खूंच्या निर्वाहासाठी गाव दिलं. पण बोरघाटातून माल नेणाऱ्या-आणणाऱ्यांचा पैसा आणि कारागिरांचा हात यांशिवाय हे लेणं उभं राहिलं नसतं.

आता छताकडे बघा. तिथे लाकडाच्या खऱ्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अजून टिकून आहेत. दगडाचं छत स्वतःच्याच बळावर उभं आहे, त्या कमानी काहीच पेलत नाहीत. तरी बसवल्या, कारण मोठी वास्तू लाकडाचीच, हे त्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दगडाच्या लेण्यात सुताराचं नाव का, याचंही उत्तर मला इथेच सापडतं.

प्रवेशाशी कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी मला सगळ्यात आवडतात. पुरुषांच्या डोक्याला भरदार पागोटी, बायकांच्या पायात जाडजूड वाळे, कमरेला मेखला. भरल्या घरची, ऐटीत उभी असलेली माणसं. संसार सोडलेल्यांच्या प्रार्थनागृहाच्या दारात ही कशी? माझं मत असं, की हे लेणं ज्यांच्या पैशांवर उभं राहिलं, तो संसारी माणूसच इथे मानाने उभा केलाय. जोडप्यांच्या आसपास दिसणाऱ्या बुद्धमूर्ती काही शतकांनी कोरल्या गेल्या. तेव्हा बौद्ध पंथाचं वळण बदललं होतं, बुद्धाची मूर्ती घडवणं रूढ झालं होतं.

आत दोन्ही बाजूंच्या खांबांना कलशासारखी बैठक आहे आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत. पुढच्या वेळी एकवीरेला जाल तेव्हा मुलांना तिथपर्यंत घेऊन जा. साध्या आणि नक्षीच्या खांबांतला फरक त्यांनाच शोधू द्या, आणि मग परत फिरताना खांबांवरची ब्राह्मी अक्षरं दाखवा.