आधी क्रियापद, मग डोळ्यांत पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

उदास गाण्याच्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा, हा आजचा विषय. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, कारण पहिलं काम लिहिण्याचंच आहे.

उदास गाण्यात चाल फार लवकर काम करते. सारंगी किंवा बासरी वाजली, गायिकेनं पहिला स्वर खाली ओढून घेतला, की शब्द कानावर पडण्याआधीच आपण गलबलून जातो. मग पुढचे शब्द ऐकूच येत नाहीत. ऐकू येते ती आपलीच जुनी आठवण. म्हणून गाणं ऐकत ऐकत शब्द हातानं उतरवा आणि नंतर कवितासंग्रहातल्या मजकुराशी ताडून पाहा. दोन गोष्टी सापडतील: आपण चुकीचे ऐकलेले शब्द आणि गाण्यात न घेतलेली कडवी. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळायची. त्यात धृवपद आणि दोन-तीन कडवी मावत, बाकीची कविता छापील पानावरच राहत असे. पुष्कळदा कोडं सोडवणारं कडवं नेमकं तिथेच असतं. मजकूर पुरा झाला की चाल बाजूला ठेवून तो बातमीसारखा सपाट आवाजात मोठ्यानं वाचा. सुरुवातीला विचित्र वाटेल, पण वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते तेव्हाच कळतं.

आता प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, पण दर वेळी सांगत नाही, आणि गंमत तिथेच आहे. 'मी गातो', 'मी गाते', 'मी रडलो', 'मी रडले' यांत बोलणारा उघडा पडतो. 'मी जाईन' यात तो लपतो. 'मी पत्र लिहिलं' यातही लपतो, कारण क्रियापद पत्राकडे बघतं. ग्रेस यांचं 'भय इथले संपत नाही' लताबाईंच्या आवाजात आपण ऐकतो आणि डोळ्यांसमोर नकळत एक स्त्री उभी राहते. शब्द मात्र 'मी संध्याकाळी गातो' असे आहेत. आवाज बाईचा, बोलणारा पुरुष. हे ध्यानात आलं की त्या गाण्यातला 'तू' कोण, हा प्रश्न नव्यानं विचारावा लागतो.

उलट, शांता शेळके यांचं 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' घ्या. 'राहिले' ऐकून अनेकजण म्हणतात, बोलणारी स्त्री आहे. पण तिथे राहिलं आहे घर. क्रियापद घराचं आहे, बोलणारीचं किंवा बोलणाऱ्याचं नाही. आशाबाईंच्या आवाजामुळे आपण ती स्त्री मानतो, एवढंच. हा वाटसरू कोणीही असू शकतो, आणि गाण्याच्या शेवटाकडे जाताना त्याचं महत्त्व कळतं. तिकडे थोड्या वेळानं येऊ.

सर्वनामांच्या बाबतीत घाई हा सगळ्यात मोठा दोष. ग्रेस यांच्याच 'ती गेली तेव्हा रिमझिम' या कवितेतली 'ती' म्हणजे सोडून गेलेली प्रेयसी, असं पहिल्या ओळीवरून ठरवणारे पुष्कळ. पाऊस आहे, 'ती' आहे, 'गेली' आहे, मग आणखी कोण असणार? पण पुढे कवीनं स्वच्छ लिहिलं आहे, 'ती आई होती म्हणुनी'. इथे कवीनं काहीही लपवलेलं नाही. आपण पहिल्या ओळीवर थांबलो, म्हणून चुकलो. सर्वनामाभोवती गोल काढा आणि कविता संपेपर्यंत त्यात नाव भरू नका.

दुसरी चूक गझलेच्या बाबतीत होते. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असू शकतो. त्यामुळे पाच शेर ओवून 'मग तो गेला, मग ती रडली' अशी गोष्ट रचली की अर्थ बिघडतो. गझल वाचताना आधी रदीफ शोधा, म्हणजे शेराच्या अखेरीस जसेच्या तसे परत येणारे शब्द. मग त्याच्या आधीचा, बदलणारा काफिया शोधा, म्हणजे यमकाचा शब्द. सुरेश भटांच्या 'केव्हातरी पहाटे'मध्ये रदीफ आहे 'रात्र गेली'. काफिये लिहून काढा: उलटून, हरवून, निसटून, फसवून, उचलून, सुचवून. आता नुसती ही यादी वाचा. रात्र उलटून जाते तेव्हा ती कोणाचंच काही करत नाही, नुसती सरते. निसटून जाते, तेव्हाही दोष आपल्याच हातांचा. पण फसवून जाते, तेव्हा ती कर्ती होते. उचलून जाते, तेव्हा काहीतरी घेऊन जाते. आणि शेवटी सुचवून जाते, म्हणजे जाता जाता काही देऊन जाते. एकच रात्र अकर्मक क्रियापदाकडून सकर्मकाकडे सरकत गेली आहे. इथे शेर सुटे असूनही भाव एकच आहे. अशा गझलेला मुसलसल म्हणतात. वृत्त आनंदकंद, ओळीत 24 मात्रा, बारांवर यती, म्हणजे थांबा. 'केव्हातरी पहाटे' म्हणून क्षणभर थांबायचं आणि मग 'उलटून रात्र गेली'. त्या थांब्यात ऐकणाऱ्याला वाटतं की पहाटे काहीतरी घडलं असेल. घडलेलं एवढंच की रात्र संपली. निव्वळ दुःखाचं गाणं म्हणून हे ऐकलं तर शेवटचं 'सुचवून' वाया जातं.

आता जरा जुन्याकडे, कारण आपल्या बहुतेक विरहगीतांची पाळंमुळं तिथे आहेत. ज्ञानदेवांच्या गाथेतली विरहिणी घ्या, म्हणजे विरहानं तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडची रचना.

'घनु वाजे घुणघुणा । वारा वाहे रुणझुणा । भवतारकु हा कान्हा । वेगीं भेटवा कां ॥'

आधी शब्द सोडवू. 'घनु', 'चंदनु', 'नंदनु' यांतला शेवटचा उकार ही त्या काळची पुल्लिंगी रूपं, म्हणजे आजचे घन, चंदन, नंदन. 'भेटवा कां' मधलं 'कां' प्रश्नार्थक नाही, ते विनवणीचं आहे: भेटवा ना. पुढे येणारा 'वो' म्हणजे बाईनं बाईला घातलेली साद, आपल्या 'अगं'सारखी. म्हणजे ही विनवणी कान्ह्याला नाही, मैत्रिणींना आहे. कान्हा समोर नाहीच. बोलणं कोणाशी चाललंय हे एका अक्षरावरून कळलं.

पुढे चांदणं, चाफा आणि चंदन ही सगळी सुखाची चीजवस्तू येते, आणि ती म्हणते की देवकीनंदनाविना हे आवडत नाही. मग:

'चंदनाची चोळी । माझे सर्व अंग पोळी ॥'

ही पोळी ताटातली नव्हे. पोळी म्हणजे पोळते, भाजते. फुलांची सेज 'सीतळ वो निकी', म्हणजे गार आणि चांगली, तरी ती आगीसारखी पोळते. चंदन का पोळावं? संस्कृत काव्यापासून हा संकेत आहे: मीलनात जे गारवा देतं, तेच विरहात जाळतं. चंद्र, चंदन, कमळाची पानं, मलयवारा, कोकिळा असा तो ठरलेला संच आहे. हा संकेत माहीत नसेल तर ऐकणारा दोन टोकांना जातो. एक म्हणतो, हे अतिशयोक्त आहे. दुसरा म्हणतो, चंदनाचं काही गूढ प्रतीक असणार. दोन्ही नाही. ही त्या काव्याची भाषा आहे, आणि कवीचं स्वतःचं काम संकेत जिथे मोडतो तिथे शोधायचं.

तो मोडतो शेवटच्या कडव्यात: 'दर्पणीं पाहतां । रूप न दिसे वो आपुलें । बापरखुमादेविवरें । मज ऐसें केलें ॥'

विरहिणीनं आरशात बघून स्वतःला ओळखू नये, कारण ती कृश झाली, इथवर संकेत चालला असता. पण इथे रूप बदललेलं नाही, ते दिसतच नाही. ज्याच्यासाठी ती तळमळत होती, त्यानंच तिचं 'आपुलें' असं काही उरू दिलेलं नाही. 'बापरखुमादेविवरु' ही ज्ञानदेवांची नाममुद्रा, आणि इथे ती नुसती सही नाही, वाक्याचा कर्ताही आहे. मग 'भेटवा कां' असं ज्याच्यासाठी म्हणायचं, तो आधीच भेटलेला आहे का? हृदयनाथांच्या चालीतलं हे गाणं लताबाईंच्या आवाजात ऐकताना धृवपद परत आलं की हा प्रश्न स्वतःला विचारा. पहिल्या वेळचं 'भेटवा कां' आणि आरशानंतरचं 'भेटवा कां' शब्दांनी एक असलं तरी अर्थानं एक नाही. धृवपदाचा अर्थ लावायची हीच रीत: ते जितक्या वेळा येईल तितक्या वेळा, लगेच आधीच्या कडव्याला जोडून वाचायचं.

ही रीत घेऊन 'जिवलगा'कडे परत या. थकलेलं पाऊल, माथ्यावरचं ओझं, सांज, मागे पडलेला गाव, सुटत चाललेली सराई. इथवर हे एखाद्या प्रवाशाचं गाणं आहे, फार तर ताटातुटीचं. शेवटी 'नाथ अनाथा' येतं आणि जिवलग कोण हे कळतं. त्याबरोबर मागची सराई म्हणजे काय आणि दूर राहिलेलं घर कुठलं, हेही बदलतं. 1922 साली जन्मलेल्या कवयित्रीच्या गाण्यात विरहिणीचा सांगाडा असा शाबूत आहे. मात्र आयुष्यात अमुक दुःख होतं म्हणून तिनं अमुक ओळ लिहिली, अशी जुळवाजुळव करू नका. त्यानं ओळ कळत नाही, नुसती कुजबुज वाढते.

बोलणारा आणि ज्याचं दुःख आहे तो, हे वेगळे असण्याचं उत्तम उदाहरण जात्यावरच्या ओव्या. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा करवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. पहाटे दळताना सासू, तिला ओवी ऐकू जाईल इतक्या अंतरावर, निजलेली असते. 'मला सासुरवास आहे' असं म्हणता येत नाही, सीतेचा म्हणता येतो. अशी ओवी लावताना ती कोणाच्या कानावर पडत होती, हे आधी विचारायचं.

शब्दांसाठी कोश हवा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा 1857चा कोश दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य बघता येतात. कोश का, तर खुद्द 'उदास' शब्दच घ्या. तुकोबा म्हणतात, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेंच करी'. तिथे उदास म्हणजे खिन्न नाही, निर्लोभ, अलिप्त. तोंड पाडून पैसे खर्च करा, असं तुकोबा सांगत नाहीत.

आणि उदासीच्या जाती ओळखा, मराठीत त्यांना सुटी नावं आहेत. जे अजून यायचं आहे त्याची हुरहूर. जे करायचं होतं आणि राहिलं त्याची रुखरुख. आपल्या हातून चुकलं त्याची खंत. आत रुतून बसलेला तो सल. गाण्याच्या समासात यांतला एकच शब्द लिहायचा, असा नेम केला तर ऐकणं नेमकं होतं.

आरती प्रभूंचं 'गेले द्यायचे राहून, तुझे नक्षत्रांचे देणे' हे रुखरुखीचं गाणं. क्रियापद पाहा: 'मी दिलं नाही' असं नाही. द्यायचं राहून गेलं. नकार कोणी दिला नाही, दोषी कोणी नाही, त्यामुळे माफी मागायलाही जागा नाही. आणि 'देणे' शब्दाचे दोन अर्थ सोबत ठेवा. देणं म्हणजे भेट, आणि देणं म्हणजे कर्जही. वाण्याचं देणं म्हणतो तसं. 'तुझे देणे' म्हणजे तुला द्यायची भेट, की तुझं माझ्याकडे निघणारं ऋण? एक अर्थ पक्का करून दुसरा खोडू नका, ओळ दोन्हींवर उभी आहे. पुढे हाताशी काय उरलं आहे, तर कळ्या आणि थोडी ओली पानं. फुलं म्हटलेलं नाही. त्या ओळीतल्या 'आता'खाली रेघ मारा आणि मग गाणं लावा.

नमस्कार.