आधी वाचणार, मग पडदा

(दृश्य: दादर. शाळेचा वर्ग, संध्याकाळ. बाकं भिंतीला सरकवलेली.)

तालीम एका वाक्यावर अडली आहे. मुलगी बघायला आलेला मामा म्हणतो, ‘फोटोत गोरी दिसत होती हो. ट्यूबलाइट लावली होती का?’ हशा हमखास. पण मुलीचं काम करणारी अभिनेत्री ऐकून घ्यायला तयार नाही. असलं बोलणं तिने घरी पुष्कळ ऐकलंय, इथे फुकटात पुन्हा का ऐकायचं? दिग्दर्शक म्हणतो, तसा मामा आहे, नाटक नाही. लेखक वैतागतो: ‘मामाला सुसंस्कृत केला तर नाटकात उरतं काय?’

(दृश्य: वादावादी, आवाज तसाच ठेवावा.)

बराच वेळ हे चालतं. शेवटी वाक्य राहतं, पण मुलीला उत्तर मिळतं: ‘ट्यूब बंद करू का मामा? टक्कल चमकतंय तुमचं.’ यावर मामाचं काम करणारा, खराखुरा टकला, उठून उभा राहतो. आता त्याच्या भावना दुखावल्या आहेत.

कोणाला काय लागतं, हे असं समोरासमोर कळतं. बदल करायचा की नाही, ते नाटक करणारे ठरवतात. आमच्या मते प्रश्न इथेच मिटायला हवा. महाराष्ट्रात तो मिटत नाही.

(दृश्य: संहितेची प्रत, पानं उलटताना.)

ही प्रत आता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाणार. नाटकवाले त्याला सरळ सेन्सॉर म्हणतात. सदस्य संहिता वाचणार, खटकेल तिथे कट सांगणार, प्रमाणपत्र आलं की प्रयोग. व्यावसायिक नाटक असो की स्पर्धेतली एकांकिका. याची मुळं १९५१च्या पोलीस कायद्यात आहेत. मोर्चा, मिरवणूक, गर्दी यांचा बंदोबस्त पाहणारा कायदा, आणि त्याच रांगेत नाटक! त्याआधी इंग्रजांचा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा होताच. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात सरकारला व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसला आणि १९१०मध्ये बंदी आली.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, एकेक.)

१९७०. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’, दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. गर्भपाताच्या प्रसंगानंतर साडीवर रक्ताचा डाग. सेन्सॉरला तो नको होता. लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं, हा लाल समजावा. लाल डाग कदाचित विसरला गेला असता. निळा मात्र मराठी रंगभूमीला अजून आठवतो.

१९७२मध्ये तेंडुलकरांचंच ‘सखाराम बाइंडर’. कामं निळू फुले, लालन सारंग यांची. सेन्सॉरने अडवलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग थेट उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे २०१६मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरवानगीलाच न्यायालयात आव्हान दिलं.

(दृश्य: शिवाजी मंदिर, तिकीट खिडकी.)

प्रेक्षकाने चिडू नये असं कोण म्हणतंय? त्याने उठून जावं, लेख लिहावा, मध्यंतरात विंगेत येऊन तावातावाने भांडावं. बाईच्या रंगावर, कोणाच्या जातीवर, साडी नेसलेल्या पुरुषावर हशा वसूल करणारी नाटकं आपल्याकडे भरपूर झाली आणि त्यांना जाब विचारणारी पिढी आली, हे उत्तमच. पण ती जाब विचारते प्रयोग पाहून. मंडळ विचारतं पडदा उघडण्याआधी. अपमान आणि अडचण यांतला फरक तिथे कोण करणार? दुबळ्याला टोचणारं वाक्य आणि मंत्र्याला टोचणारं वाक्य, दोन्ही त्याच पेन्सिलीखाली येतात.

(दृश्य: खार, रस्ता.)

स्टँडअपचं वेगळंच. मार्च २०२५मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनानंतर त्यांच्या शिवसैनिकांनी इथल्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली. मग महापालिकेचा हातोडा आला.

(दृश्य: पुन्हा वर्ग. लेखक लॅपटॉपवर.)

मुलीचं नवं उत्तर प्रतीत टाइप होतंय. मंत्र्यावरची एक कोपरखळी आहे, पुढच्या पानावर. ती लेखकाने स्वतःच काढली. ‘कशाला उगाच, तारीख मिळालीय,’ तो म्हणतो. त्यावर वर्गात कोणीच भांडलं नाही.