मदरबोर्ड बदलला, मशीन तेच

(दृश्य: टेबलावर उघडी कॅबिनेट. मदरबोर्डवरून फिरणारा ब्रश.)

म्हापशातलं हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गणेश चवथ तोंडावर आली आहे, त्यामुळे प्रत्येकाला आपलं मशीन आजच हवंय. टेबलावरचं मशीन डिचोलीहून आलंय. त्यावर लग्नपत्रिका होतात, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं होतात, देवस्थानच्या पावत्या होतात. नेटवर्क केबलच्या खाचेत जरा वाकून बघा: पिनांवर हिरवट बुरा चढलाय. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्यात. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातली ओल अशी घरातल्या यंत्रांत शिरते. रॅमच्या पट्ट्या कारागिरानं खोडरबरानं घासल्या आणि ती चालूही झाली. सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड मात्र गेला.

नवा बोर्ड बसवला. डिस्क जुनीच, रॅम जुनी, प्रोसेसर जुना. मशीन सुरू झालं, पण पैसे मोजून घेतलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर ओळ आली: या संगणकाची नोंदणी नाही.

मालक विचारतो, "बाब, मशीन तर तेच ना?"

(दृश्य: हार्ड डिस्कचं लेबल, रॅमचं लेबल, नेटवर्क कार्ड.)

संगणकाला स्वतःचं असं एक नाव नसतं. असतात ते त्याच्या भागांचे क्रमांक. डिस्कला सिरियल नंबर असतो. नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. मदरबोर्डमध्ये यूयूआयडी नावाचा १२८ बिटांचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो. सॉफ्टवेअर या भागांना साक्षीदार करतं आणि ओळख पटवतं. पण सगळ्या साक्षींचं वजन सारखं नाही. घरच्या संगणकातला आजचा प्रोसेसर सहसा आपलं फक्त मॉडेल सांगतो आणि त्या मॉडेलचे लाखो प्रोसेसर बाजारात असतात. १९९९ साली इंटेलनं पेंटियम थ्रीमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र क्रमांक दिला होता. माणसांवर पाळत ठेवायला तो वापरला जाईल म्हणून एवढा गदारोळ झाला की पुढच्या प्रोसेसरमधून तो काढून टाकावा लागला. काही स्वस्त मदरबोर्डांवर तर कारखान्यात क्रमांक भरायचाच राहून गेलेला असतो. तिथे नुसती शून्यं सापडतात.

डिचोलीच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर एकाच साक्षीदारावर विसंबलं होतं, मदरबोर्डवर. तो गेला आणि ओळख संपली. मला हे आळशी काम वाटतं, कारण यापेक्षा बरी रीत कधीचीच माहीत आहे.

२००१ च्या विंडोज एक्सपीनं दहा गोष्टी टिपून ठेवल्या होत्या: डिस्क, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड, रॅमचा आकार, सीडी ड्राइव्ह वगैरे. नेटवर्क कार्ड तेच असेल, तर बाकीच्यांपैकी सहा बदलेपर्यंत ते पुन्हा नोंदणी मागत नसे. नेटवर्क कार्डही बदललं, तर ही सूट कमी होई. म्हणजे एका भागाच्या शब्दाला बाकीच्यांहून जास्त वजन दिलं होतं. लोक त्या पद्धतीवर खूप चिडले, पण दुरुस्तीला तिच्यात जागा होती हे मान्य करायला हवं.

(दृश्य: फळ्यावर खडूनं दोन बिंदू, त्यांतून जाणारी रेघ.)

याहूनही देखणी वाट गणितात आहे. दोन बिंदू दिले की सरळ रेघ ठरते. एकच दिला तर त्यातून हव्या तितक्या रेघा काढता येतात. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते, तिथे आपलं गुपित ठेवायचं आणि बिंदू वेगवेगळ्या लोकांना वाटायचे. एकट्याला काहीच कळत नाही, कुठलेही दोघे एकत्र आले की गुपित उघडतं. इस्रायली संगणकशास्त्रज्ञ आदि शमीर यांनी १९७९ साली ही कल्पना मांडली. रेघेऐवजी योग्य घाताचं वक्र घेतलं, की 'सातांपैकी कुठलेही पाच' असाही नियम बांधता येतो.

आता हे सात बिंदू, म्हणजे गुपिताचे सात वाटे, मशीनच्या सात भागांच्या क्रमांकांनी कुलूपबंद करा. मदरबोर्ड बदलला तरी सहा उरतात आणि ओळख पटते. ती पटली की खरं काम सुरू होतं: नव्या बोर्डाला धरून सगळे वाटे नव्यानं पाडायचे आणि जुने बाद करायचे. ही पायरी गाळून चालत नाही. काढलेली रॅम, काढलेली डिस्क जुन्या बाजारात विकली जाते आणि दुसऱ्याच कॅबिनेटमध्ये जाऊन बसते. तिथून तिनं जुनी साक्ष देता कामा नये.

अशा मशीनचा दहा वर्षांत एकेक करून प्रत्येक भाग बदलला, तरी त्याची ओळख अखंड राहते. सगळं एकाच दिवशी बदललं तर मात्र मालकाला विचारायलाच हवं. एकूण किती बदललं यापेक्षा एका वेळी किती बदललं, हे बघायचं.

पण हे साक्षीदार पढवता येतात. मॅक पत्ता सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. बाकीचे क्रमांकही कुणी वाचून दुसऱ्या मशीनवर तेच वदवून घेऊ शकतं. घरच्या टायपिंगला हे चालून जाईल, पण बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या सर्व्हरला नाही. तिथे टीपीएम लागतो. ही चिप स्वतःच्या पोटात किल्ली तयार करते आणि ती बाहेर पडू देत नाही. सर्व्हर दर वेळी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर सही करून परत देते. कालची सही आज चालत नाही.

अडचण एवढीच, की ही चिप मदरबोर्डवर असते, किंवा तिचं काम प्रोसेसरमध्येच होतं. बोर्ड गेला की किल्लीही गेली. म्हणून मला दोन्ही हवेत: रोजच्या ओळखीला चिपची सही, आणि चिप गेली तर उरलेल्या भागांची साक्ष, वर मालकाचा दुजोरा. त्यावर नव्या चिपची नोंद व्हावी.

(दृश्य: फोनवर बोलणारा मालक.)

मशीनसोबत येणाऱ्या विंडोजच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टनं एक फरक ठेवलाय. बिघडला म्हणून मदरबोर्ड बदलला तर परवाना चालू राहतो. जास्त चांगला हवा म्हणून बदलला तर ते नवं मशीन धरलं जातं. आता पिनांवरचा हिरवा बुरा कुठल्याही प्रोग्रॅमला दिसत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरला असं कुलूप घालणाऱ्यानं फोनवर ऐकून घेणारा माणूस ठेवलाच पाहिजे. डिचोलीच्या मालकाला तो भेटला, बिघाड सांगितल्यावर नवा कोड मिळाला आणि पत्रिका वेळेत छापल्या गेल्या.

सध्या अशी कामं वाढलीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, म्हणून लोक बोर्ड आणि प्रोसेसर बदलून घेतायत. एएमडीच्या मशीनमध्ये प्रोसेसर बदलला की काळ्या पडद्यावर प्रश्न येऊ शकतो: टीपीएम नव्यानं सुरू करायचा का, वाय की एन? डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे आतली माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल आणि घाईत वाय दाबलं, तर जुनी किल्ली पुसली जाते आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती कुठेच लिहून ठेवली नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीच हाती लागत नाही. म्हणून कॅबिनेटचा स्क्रू काढण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, ते ४८ अंक कागदावर उतरवा आणि तो कागद त्या मशीनपासून दूर ठेवा.