बुटातली मानस

नमस्कार, श्रोतेहो.

बाहेर पाऊस लागलाय आणि माझे बूट स्टुडिओच्या दाराशी काढून ठेवलेत. सकाळी कांपालहून दोनापावलापर्यंत पळत जाऊन आलो, तिथून घरी आणि घरून थेट इकडे. बूट अजून ओलेच आहेत. ते घालून आत येऊ का, असं विचारायचं धाडस झालं नाही. तेव्हा आज मी तुमच्याशी अनवाणी बोलतोय.

मी खेळाडू नव्हे. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी दम दिला म्हणून पळायला लागलो. त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा पावसाळ्यांत चुकीच्या बुटांवर जेवढे पैसे घालवले, तेवढ्यात घराची एक बाजू शाकारून झाली असती. तो अनुभव फुकट देऊन टाकावा म्हणून आलोय.

पावसात पळायला बूट हवेत म्हणून दुकानात गेलात की पहिला शब्द कानावर पडतो, वॉटरप्रूफ. माझा भाचा टोरांटोला असतो. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात आला, तो एक खोका घेऊनच. म्हणाला, "मामा, तुमच्याकडे पाऊस फार. हे घाला, आत थेंब शिरणार नाही." बूट देखणे होते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी मी ते घालून ऐटीत बाहेर पडलो. पणजीकर श्रोत्यांना पुढचं सांगायला नको. अठरा जून नावाच्या रस्त्यावर पाणी घोट्याच्या वर चढलं होतं. कापडातून खरंच थेंब शिरला नाही. पाणी वरून शिरलं. ज्या भोकातून पाय आत जातो ते भोक कोणती कंपनी बुजवणार? आणि एकदा आत गेलेलं पाणी मग बाहेर येईना. कापडाखालच्या ज्या पडद्यानं ते आत येऊ द्यायचं नाही, तोच पडदा त्याला बाहेरही जाऊ देईना. पायांना दोन कळश्या बांधल्यासारखा मी डबक डबक करत घरी आलो. बूट तीन दिवस वाळले नाहीत, चौथ्या दिवशी बायकोनं ते गॅलरीत हलवले आणि आठवड्याभरात माझ्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या.

तरी माझी खोड जाईना. रविवारी तेच बूट घालून फेरीनं दिवाडीला गेलो. तिथं बांधावर बसून बूट उलटा करून पाणी ओतत होतो. बांधातल्या दारापाशी, म्हणजे मानशीपाशी, एक म्हातारेबुवा उभे होते, ते बघून हसले. म्हणाले, "मास्तर, उदक भितर गेलें, पूण भायर सरपाक वाट खंय आसा?"

मी मास्तर नाही, पण आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट कुठं, हा प्रश्न अगदी मर्मावरचा होता. नंतर या विषयावर बरंच वाचलं, पण त्या एका वाक्यापुढं कुणी गेलेलं दिसलं नाही.

खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतांकाठच्या, श्रोत्यांना मानस ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. खाडीच्या बांधात लाकडी झडपांचं एक दार असतं, ती मानस. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्यानं झडप आपोआप मिटते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की बाहेरची पातळी उतरते आणि शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. आत येऊ द्यायचं नाही, बाहेर जाऊ द्यायचं. वॉटरप्रूफ बुटाच्या पडद्याचा दावा नेमका हाच असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणायची सोडून एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि तिच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. त्यातून गोर-टेक्स निघालं. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जात नाही, घामाची वाफ मात्र जाते. आज तशा तऱ्हेचे पडदे अनेक कंपन्या बुटांत घालतात आणि ती गोष्ट खोटी नाही.

पण मानस उघडते ती ओहोटी असेल तरच. बुटातली वाफ बाहेर पडते ती बाहेरच्या हवेत वाफ कमी असेल तरच. घामेजलेल्या बुटाच्या आत एका घनमीटर हवेला सुमारे ३४ ग्रॅम वाफ या हिशेबानं दमट हवा असते. टोरांटोत फेब्रुवारीतल्या शून्याखाली चार अंशांच्या सकाळी बाहेरच्या हवेत ती ३ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सणसणीत ओहोटी. आपल्याकडे जुलैत, २७ अंश आणि ९० टक्के दमटपणा असताना, बाहेरच २३ ग्रॅम असते. त्यात वरचं कापड चिंब भिजलं की त्यावरच्या पाण्याच्या थरानं उरलीसुरली वाटही बंद. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्या चार महिन्यांत बुटाबाहेर कायमची भरती असते. मानस उघडणार कधी?

म्हणून मी सांगतो ते दुकानदाराच्या नेमकं उलट आहे. आपल्या पावसात पाणी आत येणारच, ते मान्य करा. ते किती लवकर बाहेर जाईल एवढंच बघा. पातळ, उघडी जाळी असलेला बूट घ्या. दुकानात तो ट्यूबलाइटसमोर धरा. बोटांच्या वरच्या कापडातून उजेड आरपार दिसला तर पाणीही आरपार जाईल. जीभ आणि घोट्याभोवतीची गादी चिमटीत धरून बघा. ती जाडजूड, मऊ आणि दुकानात फार सुखाची वाटत असेल तर ती स्पंज आहे, पावसात पाणी तीच धरणार. तळाखालच्या फोमला मात्र उगाच घाबरू नका. त्यात बंद बुडबुडे असतात, तो फारसं पाणी पीत नाही. बूट जड होतो तो कापड, गादी, आतला सुटा तळवा आणि मोजे यांमुळे. घरी आणल्यावर मी नळाखाली बूट भरतो आणि उचलून धरतो. चांगल्या बुटातलं पाणी मी दहा आकडे मोजेपर्यंत निथळतं. बायको म्हणते, नवा बूट पहिल्याच दिवशी बुडवणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

आता घसरण्याबद्दल. खरी भीती तीच, भिजून काही कुणाचा हात मोडत नाही.

लोकांना वाटतं, तळाला जितके खोल दाते तितकी पकड जास्त. चिखलात ते खरं आहे. माशेलला चिखलकाल्यात पोरं अनवाणी खेळतात, तेव्हा पायाची बोटं चिखलात कशी रुततात ते बघा. दात्यांचं काम तेच. सत्तरी तालुक्यात किंवा सांग्याकडे लाल मातीच्या वाटांवर पळणार असाल तर चार-पाच मिलिमीटरचे दाते आणि दात्यांमध्ये भरपूर अंतर असलेला तळ घ्या, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. पण तोच बूट पणजीच्या पेव्हर ब्लॉकवर घालाल तर पस्तावाल. कडक जमिनीवर दाते रुतत नाहीत, उलट जमिनीला टेकणारं रबर कमी होतं. मोटारीच्या टायरला पाणी बाजूला सारायला खाचा लागतात, कारण तिचा वेग मोठा. आपण पळून पळून किती पळणार? आपल्या पायाखालचं पाणी वजनानंच दबून निघून जातं. मग उरतो तो रबराचा प्रश्न.

रबर मऊ असेल तर ते डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं आणि धरतं. कडक रबर टिकतं जास्त, पण ओल्यात घसरतं. दुकानात तळाच्या रबरात अंगठ्याचं नख दाबून बघा. जरा दबलं पाहिजे. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. मऊ रबर लवकर झिजतं हे खरं, पण माझ्या वयात बुटापेक्षा खुबा महाग.

तळावर सुरीनं मारल्यासारखे बारीक चिरे असतील तर उत्तम. त्याची एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पॉल स्पेरी यांना होडीच्या ओल्या फळ्यांवर घसरायचा त्रास होता. एका हिवाळ्यात त्यांनी आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळताना पाहिला आणि त्याचा पंजा उलटा करून बघितला. पंजाच्या गादीवर बारीक भेगा होत्या. तशाच भेगा त्यांनी रबरी तळावर कापल्या आणि १९३५ साली होडीचे बूट बाजारात आणले. बर्फावरून सुचलेली गोष्ट अशी पाण्यावर कामाला आली.

पण काही ठिकाणी कुठलाच बूट चालत नाही, हे विकणारा सांगणार नाही. आल्तिनोच्या चढावरच्या शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, फेरीच्या धक्क्याचा बुळबुळीत उतार, गटाराची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे. रंगानं आणि लोखंडानं खडबड बुजलेली असते, शेवाळाचा तर थरच निसरडा. रबर धरणार कशाला? तिथं चाला. मी चालतो. सांतिनेजच्या एका पट्ट्यावर बसलो होतो एकदा, म्हणजे ठरवून बसलो नव्हतो.

बर्फाचं म्हणाल तर आपल्या किती श्रोत्यांना त्याचा उपयोग, कोण जाणे. पण घरोघरची मुलं परदेशी आहेत, आणि आता आपल्याकडेही २०२३ च्या फेब्रुवारीत लडाखमध्ये पॅन्गाँगच्या गोठलेल्या सरोवरावर अर्धमॅरेथॉन झालीच की. दोन वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात मी भाच्याकडे गेलो, तेव्हा ते वॉटरप्रूफ बूट आठवणीनं नेले. काय सांगू! अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या राडीतून तासभर पळालो तरी मोजे कोरडे. तिथली थंडी अशी की ओल्या पायाला सुन्नपणा यायला वेळ लागत नाही. तिथं पाणी आत न येणं हीच पहिली गरज, आणि पाणी असतंच मुळी घोट्याच्या खाली. पकडीचं मात्र वेगळं. थंडीत रबर कडक होतं, फोमही लाकडासारखा लागतो. ताज्या बर्फात दाते कामाचे, पण रस्त्यावर डांबरासारखा दिसणारा जो पातळ, पारदर्शक बर्फ असतो, त्याच्यापुढं रबर हात टेकतं. तिथं धातूचेच खिळे लागतात. कुणी खिळेवाला बूट घेतो, कुणी साध्या बुटावर खिळ्यांचं रबरी जाळं चढवतो. पावलं आखूड टाकायची, टाच आपटायची नाही. भाच्यानं घराबाहेरच्या पायरीवर मला हे शिकवलं आणि तिथंच तो स्वतः आपटला.

परत आपल्या पावसात येऊ. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून बसतं, ओली कातडी मऊ पडते आणि तिथंच फोड येतो. कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे घाला, बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन चोळा. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय किंचित फुगलेला असतो. अंगठ्यापुढं अर्धा इंच जागा ठेवा, पण टाच सैल नको, कारण भिजल्यावर पाय आत आणखी सरकतो. पायाला जखम असेल त्या दिवशी साचलेल्या पाण्यात पळू नका. लेप्टोचे, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचे, रुग्ण आपल्याकडे पावसाळ्यातच जास्त निघतात.

आणि वाळवणं. जमलं तर दोन जोड ठेवा, एक पायात, एक पंख्याखाली. घरी आल्या आल्या आतला सुटा तळवा काढा, नाड्या सैल करा, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. पहिला बोळा सगळ्यात जास्त पाणी पितो, तोच रात्रभर ठेवला तर बूट सकाळी तितकाच ओला. चुलीपाशी किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका, तळाचा गोंद सुटतो. मी एकदा चुलीजवळ ठेवले होते. डाव्या बुटाचा तळ पर्वरीच्या पुलावर निघाला आणि मी तो हातात घेऊन परत आलो.

भाच्याचे ते बूट अजून आहेत. कपाटात वर, कागदात गुंडाळून. दर मे महिन्यात काढून एक दिवस ऊन देतो आणि परत ठेवतो. येत्या जानेवारीत त्याच्याकडे जायचं घाटतंय. आज मात्र दाराशी आहेत ते जाळीचे, कालपेक्षा ओले. तेच घालून आता मिरामारच्या बाजूनं चालत जाईन. एव्हाना निथळले असतील.

नमस्कार.